सूचीच्या चौकटीखालचे कुरण

नकाशे काढून पोट भरता येते, हे आमच्या वसईच्या घरात कोणालाच पटले नव्हते. आई शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगत राहिली की, मुलगा कॅनडात जमिनी मोजतो. लग्न ठरताना सासऱ्यांनी फादरांमार्फत चौकशी केली, तेव्हा ‘मुलगा भूगोलाच्या पुस्तकांत असतो’ एवढेच फादर म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होते. टोरांटोजवळच्या एका लहान कंपनीत बावीस वर्षे मी शाळांचे ॲटलास, भिंतीवरचे नकाशे आणि पृथ्वीगोल यांवरच्या रेषा तपासल्या. गेल्या वर्षी कंपनी मिटली. मुले आता जग फोनवर पाहतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाताळ अंकाच्या संपादकांनी ‘कामातले गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. तसे थोडे आहेत, तेही लिहीन. पण मी ज्याच्यासाठी लिहायला बसलो आहे तो अनुभव गमतीचा नाही, हे आधी सांगून ठेवणे बरे.

बाहेरच्या माणसाला वाटते, नकाशा म्हणजे जमिनीचे चित्र. नद्या आणि डोंगर यांच्यापुरते ते खरे आहे. त्यांचा आम्हाला कधी त्रास नसे. त्रास असे तो सीमारेषेचा. ती जमिनीवर बहुतेक ठिकाणी कुठे दिसत नाही, म्हणून कागदावर तिला फार जपावे लागते. अखंड रेषा काढली तर दोन्ही शेजाऱ्यांना ती मान्य आहे असा अर्थ. तुटक काढली तर वाद आहे असा अर्थ. आणि तुटक काढल्याबद्दल रागावणारे लोक वेगळेच. भारतात पाठवायच्या ॲटलासमध्ये उत्तरेची सीमा एका विशिष्ट प्रकारेच दाखवावी लागते, नाहीतर पुस्तके बंदरावर अडकतात. शिवाय आमची रंगीत छपाई चीनमध्ये होई, कारण तेथे ती परवडत असे. तेथे नकाशा असलेले प्रत्येक पुस्तक छापण्याआधी तपासणीला जाते आणि लाल खुणा दुरुस्त केल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. पुस्तक आम्ही राहतो त्या मिल्टन गावच्या शाळेतल्या सहावीच्या मुलासाठी असले तरी नियम तोच.

गिऱ्हाइकांचे प्रकार वेगळे. ऑटावाजवळच्या कनाटा गावातल्या एका सेवानिवृत्त इंजिनिअरांनी पृथ्वीगोल परत पाठवला, कारण ज्या देशात ते जन्मले तो त्यावर नव्हता. मी फोन करून नम्रपणे सांगितले की, तो देश आता अस्तित्वात नाही, आम्ही पैसे परत करतो. ते म्हणाले, “पैसे नकोत. देश कुठे गेला ते सांगा.” मी त्यांच्याशी पाऊण तास बोललो. शेवटी कोठारातून एक जुना, उन्हाने फिकटलेला गोल शोधून पाठवला. त्यांचे आभाराचे कार्ड दर नाताळला येत असे. माझ्या हातून एखाद्या माणसाचे काही भले झाले असेल तर ते एवढेच, असे मला हल्ली वाटते.

मला हे काम ग्लेनने शिकवले. तो निर्मिती विभागाचा प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, उंच आणि आवाजाने हळू. मी नवा असताना एका वाळवंटी सीमेवर अडलो होतो. दोन देश, दोन दावे, दोन संदर्भग्रंथ. ग्लेन मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “दोघं इथेच भांडतायत ना? मग सूची इथे ठेव आणि जेवायला चल.” सूची म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली ती चौकट, जिच्यात राजधानीला कोणती खूण आणि रस्त्याला कोणती, हे दिलेले असते. ती कुठेही ठेवता येते. जिथे ठेवू तिथली जमीन तिच्याखाली जाते, आणि कोणालाही काही लपवले आहे असे वाटत नाही, कारण सूची ही उपयोगाची गोष्ट आहे. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. ती खोटी नाही, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. मीही नव्या मुलांना ती शिकवली.

सन दोन हजार सतरामध्ये आम्ही लहान देशांवर सहावीसाठी एक पुस्तकमाला काढत होतो. त्यातले भूतानचे पुस्तक एलेनॉरबाईंनी लिहिले होते. त्या टोरांटोच्या पूर्वेला व्हिटबीला राहात. एके काळी कॅनडातून काही शिक्षक भूतानच्या शाळांत शिकवायला गेले, त्यांतल्या त्या एक; पूर्वेकडच्या डोंगरात अकरा वर्षे काढलेल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण हस्तलिखितात एक खाडाखोड नाही. पुस्तकाचा मुख्य प्रश्न त्यांनी पहिल्याच पानावर मुलांना विचारला होता: इतके लहान राज्य दोन इतक्या मोठ्या शेजाऱ्यांमध्ये टिकले कसे?

उत्तर त्यांनी सोपे करून सांगितले होते, पण गोड केले नव्हते. इंग्रजांशी युद्ध झाले तेव्हा भूतानने पायथ्याची सुपीक जमीन गमावली आणि डोंगर राखले. तिबेटमध्ये चीनची सत्ता आली तेव्हा त्यांनी उत्तरेची वाट बंद केली आणि दक्षिणेकडून भारताला रस्ता बांधू दिला. परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला घेण्याचे मान्य केले, पण संयुक्त राष्ट्रांत स्वतःची खुर्चीही मिळवली. शेजारचे सिक्कीम भारतात विलीन झालेले पाहिले आणि ते मनात ठेवले. सुरक्षा परिषदेतल्या पाच बड्या सत्तांपैकी एकीचाही दूतावास राजधानीत येऊ दिला नाही, म्हणजे दुसरीला मागता येणार नाही. आपलेही सिक्कीम होईल या भीतीपोटी आपल्याच दक्षिणेतल्या नेपाळी बोलणाऱ्या हजारो लोकांना देशाबाहेर जावे लागले, आणि त्यांतली कित्येक कुटुंबे आज ऑटावात राहतात, हेही बाईंनी लिहिले होते. मी विचारले, “हे सहावीला जड नाही का होणार?” त्या म्हणाल्या, “टिकण्याची किंमत कोणी दिली ते गाळलं, तर उरतं काय? पर्यटनाचं पत्रक.” तो परिच्छेद शेवटपर्यंत तसाच राहिला. तपासणीला तो दिसलाच नाही, कारण तो नकाशा नव्हता.

नकाशा पाहण्यासाठी बाईंनी पेमाला आमच्याकडे पाठवले. पेमा त्यांची जुनी विद्यार्थिनी. बाईंनीच तिला शिक्षणासाठी इकडे आणले होते. आता ती पंचेचाळिशीची होती आणि व्हिटबीच्या एका वृद्धनिवासात परिचारिका होती. माझ्याशी हिंदीत बोले, मध्येच इंग्रजी, आणि आदरासाठी वाक्याच्या शेवटी त्यांच्याकडचा ‘ला’ लावी. आमचे बोलणे मी येथे मराठीत देतो आहे.

तिने कच्च्या नकाशावर उत्तरेकडे, मधोमध, एका दरीवर बोट ठेवले. “हे आमचं उन्हाळ्याचं कुरण. माझे वडील चाळीस उन्हाळे इथे याक घेऊन गेलेत.”

मी म्हणालो, “म्हणजे सीमेच्या अगदी जवळ.”

“जवळ म्हणजे काय सर, तीच सीमा. तिथे खांब नाही, कुंपण नाही. पलीकडचे गुराखीही येतात. ते म्हणतात आमचं, आम्ही म्हणतो आमचं. एका वर्षी गवत फार वाईट होतं, वडील म्हणाले, यंदा नाही जात. तर जिल्ह्याचा अधिकारी चालत घरी आला. म्हणाला, तुम्ही जा. याक नेऊ नका हवं तर, पण जा आणि चूल पेटवा. तुमचा धूर पलीकडून दिसला पाहिजे.”

“मग गेले?”

“गेले. तीन महिने. एकटे, दोन याक आणि पिठाची पिशवी घेऊन. गुडघे तिथेच गेले त्यांचे.” ती हसली. “वडिलांना वाचता येत नाही. पण गावच्या शाळेत मास्तर आहेत. मी त्यांना सांगितलंय, कॅनडात पुस्तक छापतायत, त्यात आपलं कुरण देशाच्या आत आहे. मास्तर ते पटांगणात सगळ्यांसमोर उघडणार आहेत. तेवढं बघा ला. दुसरं काही नको.”

मी भूतानचा सरकारी नकाशा पाहिला. कुरण आत होते. मी तिला म्हणालो, “आत राहील. मी शब्द देतो.” या धंद्यात कोणी कोणाला शब्द देत नाही. मी दिला, कारण त्या दिवशी तो देणे सोपे होते.

त्याच उन्हाळ्यात भूतानच्या पश्चिम टोकाला एका पठारावर भारताचे आणि चीनचे सैनिक आमनेसामने उभे राहिले. वर्तमानपत्रांत दोन्ही देश बोलत होते. ज्या देशाची जमीन, त्या देशाने एक लहानसे निवेदन काढले आणि तो पुन्हा गप्प झाला. बाईंनी फोनवर मला समजावले, “ते असंच करतात. दारात आलेल्याला चहा देतात, बसवतात, आणि आत या म्हणत नाहीत.” मला ते फार आवडले. पुढे त्याचा मी काय उपयोग केला ते सांगायचे आहे.

ऑगस्टमध्ये नकाशा तपासणीतून परत आला. त्यावर दोन लाल खुणा होत्या. पश्चिमेची अपेक्षित होती. तिथे तुटक रेषा काढून भागले. दुसरी उत्तरेला, पेमाच्या दरीवर. रेषा खाली ओढावी, अन्यथा छपाई होणार नाही. मी तुटक रेषेचा प्रस्ताव पाठवला. तो चार दिवसांनी नाकारून आला. शाळांना पुस्तके सप्टेंबरअखेर हवी होती.

मी ग्लेनकडे गेलो. म्हणालो, “हे पुस्तक इथेच छापू या.”

“खर्च दुप्पट. आणि इथे यंत्र मोकळं मिळेपर्यंत नोव्हेंबर उजाडेल. शाळा तोवर दुसरं काही घेतील.”

“मी त्या पेमाला शब्द दिलाय.”

“कोणी सांगितलं होतं द्यायला?” मग माझा चेहरा पाहून तो सौम्य झाला. “हे बघ, आपण सहावीचं पुस्तक काढतोय, तह नाही करत. रेषा खाली ओढू नकोस, मलाही ते आवडणार नाही. पण तुला सगळं येतं. काय करायचं ते तुला माहीत आहे.”

मला माहीत होते. नकाशाची वरची कड मी थोडी खाली आणली. सूचीची चौकट डाव्या कोपऱ्यातून उचलून वर मधोमध ठेवली. सीमा पश्चिमेचा तुटक तुकडा सोडून अखंड येत होती, चौकटीखाली जात होती आणि पूर्वेला पुन्हा अखंड बाहेर पडत होती. आत चार ओळी बसल्या: राजधानी, इतर शहरे, रस्ता, नदी. दिसायला नकाशा आधीपेक्षा नेटका झाला. तपासणीने तो दोन दिवसांत मंजूर केला.

मी पेमाला फोन केला नाही. तेव्हा काम फार होते हे खरे, पण ते कारण नव्हे. मी समाधानात होतो. मला वाटत होते, मी अगदी भूतानसारखाच वागलो: कोणाला हो म्हटले नाही, कोणाला नाही म्हटले नाही, आणि रेषाही हलवली नाही. आपल्या जमिनीबद्दल आपण गप्प बसणे आणि दुसऱ्याच्या जमिनीवर आपला गप्पपणा नेऊन ठेवणे, यांतला फरक मला दिसला नाही. खरे सांगायचे तर तो दिसू नये अशी मी काळजी घेतली.

पुस्तके सप्टेंबरच्या शेवटी आली. पेमाच्या दोन प्रती मी टपालाने न पाठवता राखून ठेवल्या, कारण ती स्वतः न्यायला येणार होती. सुट्टीचा दिवस काढून आली. सोबत माझ्यासाठी वाळवलेल्या चीजची पिशवी होती, दगडासारखे तुकडे, तासभर चघळायचे. तिने माझ्या टेबलापाशी उभ्यानेच पुस्तक उघडले, नकाशाच्या पानावर आली आणि पश्चिमेकडून रेषेवर बोट फिरवू लागली. चौकटीपाशी बोट थांबले.

“इथे काय आहे, सर?”

“सूची. खुणांचा अर्थ दिलाय.”

“ते दिसलं मला. हिच्या खाली काय आहे?”

मी छपाईची सगळी हकिगत सांगितली. लाल खुणा, तारखा, तुटक रेषेचा नाकारलेला प्रस्ताव. शेवटी मी म्हणालो, “रेषा आम्ही ओढली नाही. कुरण आतच आहे. फक्त झाकलं गेलंय.”

“हो,” ती म्हणाली. तिने पुस्तक मिटले, दोन्ही प्रती पिशवीत ठेवल्या आणि चीज मला देऊन गेली.

घरी मी हे फिलोमिनाला सांगितले. माझी पत्नी स्वयंपाक करता करता ऐकते, आणि ऐकत नाही असे वाटावे अशी ऐकते. म्हणाली, “तू कुणाला सरळ नाही म्हटलंयस का रे कधी? लग्नात माझ्या मामाला डुकराचं सॉरपोटेल नको होतं, तर वाढणाऱ्याला नाही न म्हणता तू ते त्याच्या ताटात घेतलंस आणि वर पाव ठेवलास.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

मी सुरी घेऊन कांदा चिरायला बसलो. त्या महिन्यात चर्चमध्ये पापनिवेदनाला गेलो तेव्हाही पंचाईत झाली. हे पाप दहा आज्ञांपैकी कोणत्या आज्ञेखाली घालावे तेच कळेना. मी खोटी साक्ष दिली नव्हती. चोरीही केली नव्हती. रेषा ओढून जी जमीन घ्यायला सांगितली होती तीही घेतली नव्हती. फादर तरुण होते, केरळचे. दमून म्हणाले, “ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे जा.”

मी माझ्या परीने भरपाई करायला निघालो. चौकट बाजूला करून, कुरण आणि दरी स्पष्ट दाखवून, कंपनीच्या मोठ्या प्रिंटरवर उत्तम कागदाचा एकच नकाशा काढला. पेमाला विचारून नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी व्हिटबीला गेलो. आदल्याच दिवशी गाडीला विंटर टायर्स घातले होते, रस्त्यावर अजून बर्फ नव्हते. तिचे घर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तिने चहा केला आणि मी टेबलावर नकाशा उलगडला.

ती खुर्ची ओढून नकाशावर वाकली. दरीत मी तिच्या वडिलांच्या तळाची जागाही ठिपक्याने दाखवली होती.

“असे किती छापलेत?”

“हा एकच.”

“मग मास्तरांना मी काय सांगू? पुस्तकात नाही, पण हा कागद बघा? लोक म्हणतील, मुलीने कॅनडात बसून काढून घेतला.” तिने कागदाची कड बोटाने सपाट केली. “सुंदर आहे, सर. भिंतीवर लावीन मी.”

“पुस्तक पाठवलं का?”

“नाही. वडील दर आठवड्याला विचारतात. मी सांगते, छपाई लांबली. त्यांच्याशी मी याआधी कधी खोटं बोलले नव्हते.”

हे ती बोलत असतानाच फोन वाजला. आमची सकाळ म्हणजे त्यांच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. तिचे वडील नेमाने याच वेळी फोन करीत. पडद्यावर एक लोकरी टोपी आणि एक कान दिसत होता. पेमा त्यांच्या भाषेत काही बोलली आणि तिने फोन माझ्या हाती दिला. कान बाजूला झाला आणि चेहरा आला. सुरकुत्या, पांढऱ्या भुवया, आणि फार उत्सुक डोळे. भारतातून आलेल्या रस्तेबांधणीच्या लोकांकडे त्यांनी तरुणपणी ओझी वाहिली होती, त्यामुळे हिंदी येत होती.

“नमस्ते, साब. नक्शा वाला साब आप ही हैं?”

“जी, बाबा. नमस्ते.”

“किताब बना?”

“बना, बाबा.”

“हमारा जगह अंदर है न?”

पेमा माझ्याकडे पाहात होती. खूण करीत नव्हती, विनवीत नव्हती, नुसती पाहात होती. मला वाटते, मी काय म्हणतो ते तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

“अंदर है, बाबा,” मी म्हणालो.

ते हसले. पुढचे दोन दात नव्हते. “धुआँ भी दिखाया?”

“इतना छोटा चीज़ नक्शे में नहीं आता, बाबा.” मीही हसलो.

पेमाने माझ्या हातातून फोन घेतला. ती खिडकीपाशी गेली आणि त्यांच्या भाषेत बोलू लागली. आवाज चढला नाही. एक लांब वाक्य, मग दुसरे. मग म्हाताऱ्याने एक लहान प्रश्न विचारला. तिने एका वाक्यात उत्तर दिले. मग निरोपाचे शब्द, आणि फोन बंद झाला.

ती टेबलापाशी येऊन बसली. माझा चहा गार झाला होता. तिने तो उचलून मोरीत ओतला आणि दुसरा ठेवला.

“त्यांना सांगितलंस?” मी विचारले.

“सांगितलं. आत आहे, पण वर चौकट ठेवलीय, दिसत नाही, म्हटलं.”

“त्यांनी काय विचारलं?”

“विचारलं, कोणी झाकलं? उत्तरेकडच्यांनी की दक्षिणेकडच्यांनी?”

“मग?”

“म्हटलं, दोघांनीही नाही. आपलं चांगलं व्हावं असं वाटणाऱ्या एका माणसाने.”

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती, तर घरी मिल्टनला परतताना मला काहीतरी उत्तर जुळवता आले असते.